कुत्र्यानें चॉकलेट खाल्लें तर

दिवाळींत आलेली चॉकलेटची पेटी मेजावर राहते, मंडळी पाहुण्यांना निरोप देण्यास जिन्यापर्यंत जातात आणि परत येऊन पाहतात तों पेटी रिकामी! कुत्रा शेपूट हालवीत उभा. मुलें हंसतात, वडील मंडळीहि ‘माणसें खातात तें कुत्र्यास काय बाधणार?’ असें म्हणून स्वस्थ बसतात. धोका आहे तो ह्या स्वस्थपणांतच.

कोकोच्या बियांत थिओब्रोमीन नांवाचें उत्तेजक द्रव्य असतें. चहा-कॉफींतील कॅफीनचें तें भावंडच. (ब्रोमीनशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं कोकोच्या झाडास ‘देवांचें अन्न’ अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें, त्यावरून हें आलें.) माणसाच्या शरीरांतून त्याचा निम्मा अंश सुमारें ७ तासांत नाहींसा होतो; कुत्र्यास त्याला १७-१८ तास लागतात. तेवढा वेळ तें हृदयास व मज्जातंतूंस चाळवीत राहतें.

चॉकलेट किती गेलें ह्याइतकेंच तें कोणतें होतें हेंहि पाहिलें पाहिजे. दुधाच्या चॉकलेटच्या १ ग्रॅममध्यें सुमारें २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असतें, काळ्यांत ५ किंवा अधिक, आणि केकसाठीं आणलेल्या कोकोच्या पुडींत २० च्या वर. पांढऱ्यांत जवळजवळ नाहींच. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें २० मिलिग्रॅम पोटांत गेल्यास वांती, जुलाब, तळमळ सुरू होते. ४०-५० ला हृदयाची गति बिघडते. ६० च्या पुढें आंचके येतात. म्हणजे ५० ग्रॅम दुधाच्या चॉकलेटानें ३० किलोच्या लॅब्रॅडॉरचें फारसें बिघडणार नाहीं. पण तेवढ्याच काळ्या चॉकलेटानें ५ किलोच्या पॉमेरेनियनवर जिवावरचा प्रसंग ओढवूं शकतो.

लक्षणें पुष्कळदां ६ ते १२ तासांनीं दिसतात. त्यांची वाट पाहूं नये. कुत्र्याचें वजन, चॉकलेटचा प्रकार व खाल्ल्याची वेळ पशुवैद्यास दूरध्वनीवरून लागलीच कळवावी आणि वेष्टन जपून ठेवावें. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय मुळींच करूं नये. त्यानें रक्तांतील सोडियम वाढून एकाऐवजीं दोन विषें होतात. दुधानेंहि कांहीं उतरत नाहीं. ह्या विषास नेमका उतारा नाहीं. पशुवैद्य औषधानें वांती करवितो, औषधी कोळशाची पूड देतो, शिरेवाटे क्षारयुक्त पाणी चढवितो व हृदयावर लक्ष ठेवतो. पहिल्या दोन तासांत पोंचल्यास काम बरेंच सोपें होतें. मुंबईंत परळला पशुरुग्णालय आहे. प्रत्येक गांवीं तशी सोय नसते, म्हणून सणाच्या रात्रीं कोणता दवाखाना उघडा असतो तें आधींच विचारून ठेवावें. आणि चॉकलेटांत मनुके असतील तर तेंहि सांगावें, कारण मनुक्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात.