पाण्याच्या पाइपातली निगेटिव्ह

‘रोल धुवायला टाकला आहे’ हे वाक्य आता घराघरांतून नाहीसं झालं आहे. पूर्वी स्टुडिओत रोल द्यायचा, तीन-चार दिवसांनी पाकीट आणायचं आणि मधल्या काळात अंधारात नेमकं काय घडलं याची विचारपूस करायची नाही, असा रिवाज होता. या लेखाचा विषय तो मधला काळच आहे. तो स्टुडिओतला नाही, तर घरातल्या न्हाणीघरातला आहे, आणि तिथलं मुख्य उपकरण नळकामाच्या दुकानात फुटावर मिळणारा दीड इंची पाइप आहे.

डोक्यावर काळं फडकं घेऊन उभा असलेला छायाचित्रकार आपण जुन्या सिनेमात तरी पाहिलेला असतो. त्या जातीच्या कॅमेऱ्यात रोल नसतो. त्यात चार बाय पाच इंचांचा फिल्मचा एक सुटा पत्रा, म्हणजे शीट फिल्म, बसवतात. एका पत्र्यावर एकच चित्र येतं. नेहमीच्या ३५ मि.मी. रोलवरच्या एका चौकटीच्या तेरा-चौदा पट हा पत्रा मोठा असतो, त्यामुळे सागवानी खांबावरच्या नक्षीतली धूळसुद्धा त्यात उतरते. गेली काही वर्षं मी पेठांमधले वाडे असे टिपतो आहे. यातले बरेचसे वाडे पाडायचे ठरल्यावरच आत जायला परवानगी मिळते. मालक, भाडेकरू, बिल्डर यांच्यात एकदा सह्या झाल्या की हातात आठ-दहा दिवस उरतात. एक-दोन पत्रे खर्ची पडतात, आणि पुढच्या महिन्यात तिथे हिरव्या पत्र्यांचं कुंपण असतं. निगेटिव्ह धुताना बिघडली तर परत जाऊन टिपायला तो चौक जागेवर राहिलेला नसतो. सुरुवातीला मी असे पत्रे एका लॅबला देत असे. एका वाड्याच्या दोन्ही निगेटिव्हांवर आडवे ओरखडे आले आणि तेव्हापासून मी ते घरीच धुऊ लागलो.

आधी थोडं रसायन. फिल्मवर जिलेटिनचा पातळ लेप असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे कण अडकवलेले असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. उरलेले कण हायपोत, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात, विरघळून निघून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८१९ मध्येच नोंदवला होता. छायाचित्रण जगासमोर यायला तेव्हा आणखी वीस वर्षं होती. डेव्हलपर घरी बनवता येतो. डी-७६ या प्रसिद्ध सूत्रात एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम एवढंच लागतं. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेत. आणि या कामाला घेतलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, यावर घरात कितीही वाद झाला तरी.

पत्रे धुण्याची जुनी रीत ट्रेची. पूर्ण अंधारात चार-सहा पत्रे ट्रेमधल्या डेव्हलपरमध्ये एकावर एक ठेवायचे आणि तळातला काढून वर, पुन्हा तळातला काढून वर, असे पत्त्यांसारखे पिसत राहायचं. ओला लेप सायीसारखा मऊ असतो आणि पत्र्याचा कोपरा सुरीसारखा, त्यामुळे एकाच्या कोपऱ्याने दुसऱ्यावर रेघ उमटते. मुरलेले लोक आजही ट्रेमध्येच धुतात आणि त्यांच्या निगेटिव्ह स्वच्छ असतात. तो हाताचा गुण आहे. मला तो अंधार मानवत नाही.

नळीची कल्पना सोपी आहे. पत्रा नळीत गुंडाळून सरकवायचा, लेपाची बाजू आत आणि पाठ नळीला टेकलेली. लेपाला कशाचाच स्पर्श होत नाही. पत्र्याची १०२ मि.मी.ची बाजू नळीच्या घेरात येते. दीड इंची पाइपाचा आतला व्यास साधारण ४० मि.मी., म्हणजे घेर सव्वाशे मि.मी.च्या आसपास. कडा एकमेकींवर चढत नाहीत आणि मध्ये दोन बोटांची फट राहते. सव्वा इंची पाइप आतून जेमतेम ३२-३३ मि.मी. भरतो, त्यात कडा भिडतात. तो घेऊ नये. पाइपाचा पंधरा सेंटिमीटरचा मुख्य तुकडा आणि दोन्ही टोकांना आट्यांनी बसणारे कप, एवढीच रचना. कप म्हणजे त्याच पाइपाचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा, एका बाजूने कायमचा बंद केलेला. आट्यांवर टेफ्लॉन टेप, कापलेल्या कडांवर आतूनही पॉलिश पेपर.

खरी गोम रंगात आहे. आपल्याकडचा नळकामाचा पाइप पांढरा असतो आणि पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. रात्री आत टॉर्च धरून पाहिलं तर पाइप कंदिलासारखा उजळतो. बाहेरून काळ्या रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि मग फोटोच्या कागदाचा तुकडा आत बंद करून नळी दहा मिनिटं उन्हात ठेवावी. कागद डेव्हलपरमध्ये पांढराच राहिला, तरच त्या नळीत फिल्म घालावी.

अंधार लागतो तो भरताना. पत्र्याच्या कोपऱ्यावर खाचा असतात. पत्रा उभा धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की लेप आपल्याकडे असतो. खालच्या कपात आधीच डेव्हलपर ओतलेला असतो. त्यावर नळी उभी बसवायची, वरचा कप लावायचा आणि दिवा लावायचा. नळी उभी आहे तोवर डेव्हलपर खालीच राहतो, फिल्म कोरडी. नळी आडवी केली की तो एका झटक्यात साऱ्या पत्र्यावर पसरतो आणि घड्याळ सुरू होतं. मग ती घमेल्यातल्या पाण्यात तरंगत ठेवायची आणि तळहाताने लाटण्यासारखी फिरवत राहायची. इथे रेंगाळलं तर आकाशात पट्टे उमटतात.

डेव्हलपर किती, हा प्रश्न फिल्म ओली होण्याचा नाही, तो पुरण्याचा आहे. ३६ चित्रांच्या एका रोलला डी-७६ साधारण २४० मि.लि. लागतो. तो रोल ८० चौरस इंचांचा, आपला पत्रा २०, म्हणजे ६० मि.लि. दुप्पट पातळ करून वापरला तर १२० मि.लि. हवेत, आणि ते कपात मावत नाहीत. म्हणून मी पातळ करत नाही.

वेळही बदलते. इलफर्डच्या एफपी-४ प्लस फिल्मला अशा जातीच्या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेआठ मिनिटं सांगितलेली आहेत. पण ती अधूनमधून हलवण्याच्या पद्धतीसाठी. अखंड फिरवताना लेपावर सतत ताजा डेव्हलपर येतो, म्हणून वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी लागते. सव्वासात मिनिटं होतात. हे २० अंशांचं गणित इंग्लंडातलं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात तिशी ओलांडतं. तेवढ्या उष्णतेत वेळ चार मिनिटांखाली येते, आणि पाच मिनिटांखाली सारखेपणा हाती राहत नाही. जिलेटिनही फुगतं. उष्ण देशांसाठीच्या जुन्या सूत्रांत ते फुगणं आवरायला सोडियम सल्फेट घालत. मी घमेल्यात बर्फाची पिशवी सोडतो आणि पाणी २४ अंशांवर धरतो.

हे सगळं स्वस्तातलं काम वाटेल, आणि खर्चाच्या बाजूने ते तसं आहेही. पण नळीचं मोल वेगळं आहे: तिच्यात एका वेळी एकच पत्रा असतो. रोलवरच्या छत्तीस चित्रांना एकच वेळ मिळते, मग त्यातलं एक भर उन्हातलं असो की एक पावसाळी संध्याकाळचं. डेव्हलपरमध्ये चित्राच्या सावल्या लवकर भरतात आणि थांबतात, उजळ भाग मात्र शेवटपर्यंत गडद होत राहतात. म्हणून सावल्यांचं ठरतं कॅमेऱ्यात, आणि उजेडाचं नळीत. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टिमचा हाच गाभा. त्यापुढचं काटेकोर गणित फिल डेव्हिस या अमेरिकी प्राध्यापकाने १९८१ च्या पुस्तकात मांडलं, आणि अशा नळ्यांना नाव मिळालं ते त्याच्या पद्धतीमुळे.

वाड्यात हे नेमकं उपयोगी पडतं. माजघर काळोखं, तुळशीचा चौक उन्हाने भाजून निघालेला, आणि दोन्ही एकाच चित्रात हवेत. माजघरातल्या कोनाड्याचं माप घेऊन सढळ एक्सपोजर द्यायचं आणि नळीत वेळ पाचव्या हिश्शाने कमी करायची. कोनाडा दिसतो आणि वृंदावनावरच्या चुन्याचा पोतही टिकतो. त्याच दिवशी गल्लीतून ढगाळ उजेडात टिपलेल्या दर्शनी भिंतीला उलट जास्त वेळ लागते, नाहीतर चित्र राखाडी होतं. दोन नळ्या एकाच घमेल्यात शेजारी फिरतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर निघतात. पत्रा धरताना मी होल्डरवर पेन्सिलीने उजेडाची नोंद करतो ती यासाठीच.

वेळ संपली की दिवा मालवून कप बदलायचा. दुसऱ्या कपात निम्मं पाणी घातलेलं साधं पांढरं व्हिनेगर असतं, त्याने डेव्हलपरचं काम जागच्या जागी थांबतं. हायपो मात्र ट्रेमध्येच बरा. पाठ नळीला चिकटलेली असल्याने तिथला रंगीत थर नळीत नीट सुटत नाही आणि गुलाबी-जांभळे डाग राहतात. काहीजण आत डासांच्या जाळीचा तुकडा घालून पाठीमागे फट ठेवतात. मला त्या जाळीचा ठसा चित्रात उमटायची धास्ती वाटते, म्हणून मी पत्रा बाहेर काढतो. हायपोत दोन मिनिटं झाली की दिवा लावता येतो.

कमी खर्चात हात बसवायला बरेचजण एक्स-रेची फिल्म कापून वापरतात. ती तांबड्या दिव्यात हाताळता येते, हा मोठा फायदा. पण तिच्या दोन्ही बाजूंना लेप असतो, आणि नळीत एक बाजू घासणारच. तिच्यासाठी सपाट तळाचा ट्रे वापरावा. नळीच हवी असेल तर मॅमोग्राफीची, एकाच बाजूला लेप असलेली फिल्म शोधावी.

आठ बाय दहा इंचांच्या पत्र्याला तीन इंची पाइप पुरतो. डेव्हलपर मात्र २४० मि.लि. लागतो, आणि ती नळी माझ्या घमेल्यात मावत नाही. लहान मुलांना आंघोळ घालायचा टब लागतो.