दहा मीटरांचे लक्ष्य, पाचशे किलोमीटरांची वाट

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफलच्या 'तीन अवस्था' या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याइतकाच आनंद आपल्या सीमाभागातही झाला. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावयाचा, असा हा कसोटी पाहणारा प्रकार. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे स्वप्नीलचे गाव, आणि वडील शिक्षक. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यावयास तब्बल ७२ वर्षे जावी लागली.

परंतु हे यश आकाशातून पडलेले नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात ५९७ गुण मिळवून तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळविला. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. राहीच्या हाती प्रथम बंदूक आली ती शाळेतील एन.सी.सी.मध्ये. त्याआधीच्या पिढीतील अंजली वेदपाठक-भागवत यांची सुरुवातही मुंबईत महाविद्यालयात असताना एन.सी.सी.तूनच झाली. स्वप्नील २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तेथे त्याने नेमबाजी निवडली. तिघांच्याही वाटचालीचा आरंभ एकाच ठिकाणी सापडतो: विद्यार्थिदशेत, एखाद्या संस्थेच्या आधाराने.

म्हणूनच आपल्या घरांतील मुलामुलींच्या दृष्टीने एक प्रश्न विचारावासा वाटतो. कोल्हापूरपासून निपाणी अवघे चाळीस किलोमीटर. जे तेथे घडले, ते निपाणीत, चिकोडीत, बेळगावात, खानापुरात घडावयाचे असेल, तर विद्यार्थ्याने जावयाचे कोठून आणि कसे?

एका रस्त्याच्या दोन बाजू

आपल्या देशात नेमबाजीची रचना राज्यवार आहे. नवोदिताने आपल्या राज्याच्या संघटनेमार्फत राज्यस्तरीय स्पर्धेत उतरावयाचे, तेथून विभागीय अथवा मावळंकर स्पर्धेत जावयाचे, आणि ठरावीक पात्रता गुण मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धेत. रचना सुसूत्र आहे यात शंका नाही. परंतु सीमेवर राहणाऱ्यांना तिचा जाच कसा होतो, ते निपाणीत चटकन दिसून येते. शहराला लागूनच अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्राच्या हद्दीत असून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी शहरातील बागेवाडी महाविद्यालय मात्र कर्नाटकात, म्हणून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न. एकाच आळीतील दोन भाऊ या दोन महाविद्यालयांत शिकत असले, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी त्यांचे संघ निराळे. एन.सी.सी.चेही तसेच: कर्नाटक व गोवा मिळून एक संचालनालय, महाराष्ट्राचे दुसरे.

बेळगावच्या विद्यार्थ्याला राज्य संघटनेचे मुख्य दालन गाठावयाचे, तर बेंगळुरूपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटरांचा प्रवास. रात्रीची गाडी, सोबत एक पालक, मुक्कामाचा खर्च, बुडणारे तास आणि हे सारे साठ गोळ्यांच्या एका फेरीसाठी. ती फेरी वाईट गेली, तर पुढची संधी कित्येक महिन्यांनी. ज्याच्या घरी सवड आणि पैसा आहे तो टिकतो. इतर दहावी-बारावीच्या सुमारास नाद सोडून देतात. मुलीच्या बाबतीत हा निर्णय आणखी लवकर होतो, हे आपण सारे जाणतो.

कुस्तीत असे होत नाही, कारण गावोगाव तालीम आहे आणि जत्रेजत्रेला फड आहे. क्रिकेटमध्ये होत नाही, कारण दर रविवारी सामना आहे. नेमबाजीत गुणांची वाण नाही, वाण आहे ती नित्याच्या सामन्यांची.

मावळंकरांचा वारसा

या संदर्भात एका नावाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजेच स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती. मूळचे हे घराणे संगमेश्वराकडील मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म १८८८ साली बडोद्याचा, आणि कर्मभूमी अहमदाबाद. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील या गृहस्थाने नेमबाजी हा संस्थानिकांचा आणि शिकारीचा शौक न राहता सामान्य नागरिकाचा खेळ व्हावा, या कार्याला आपले नाव दिले. आज मावळंकर स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची पायरी होऊन बसली आहे. महाराष्ट्राबाहेरील आपल्यासारख्या वाचकांना त्या नावाचा अभिमान वाटावा, हे योग्यच. परंतु त्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच्या पायऱ्या अजून बांधावयाच्या राहिल्या आहेत.

शालेय क्रीडा महासंघाच्या स्पर्धा आहेत, आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे, 'खेलो इंडिया'चे शालेय आणि विद्यापीठ क्रीडा महोत्सव आहेत. यांचे फळही दिसते. २०२३ साली चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत भारताला मिळालेल्या २६ पदकांपैकी १४ पदके नेमबाजांची होती. २०२५ साली राष्ट्रीय संघटनेने संघांच्या व्यावसायिक लीगचीही घोषणा केली. परंतु हे सारे शिखराकडचे आयोजन झाले. वर्षभर, महिन्यामागून महिना, महाविद्यालयाविरुद्ध महाविद्यालय आणि शाळेविरुद्ध शाळा अशी विद्यार्थी मंडळांची देशव्यापी साखळी स्पर्धा उभी राहिली, तर पायथ्याचे काम होईल.

परदेशांत काय चालते?

इतका मोठा देश, इतकी अंतरे. मग साखळी कशी जमावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंग्लंडने शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे. १९०१ साली तेथे कामगारवर्गाच्या रायफल मंडळांची एक संस्था निघाली. तीच पुढे लहान बोअरच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना झाली. या मंडळांनी टपालाने सामने खेळण्याची प्रथा रुजविली. प्रत्येक मंडळाने आपल्याच जागी, साक्षीदारासमक्ष, नेमून दिलेल्या लक्ष्यपत्रांवर गोळ्या झाडावयाच्या आणि ती पत्रे परीक्षकाकडे पाठवावयाची. सरासरी गुणांवरून मंडळांच्या श्रेणी पाडलेल्या असतात. त्यामुळे नवशिक्यांची गाठ नवशिक्यांशी पडते. श्रेणीत जो अव्वल ठरेल तो वर चढतो, तळाचा खाली उतरतो. गाडीभाड्याचा प्रश्नच उरत नाही.

जर्मनीत १९९७ पासून हवाई बंदुकीची बुंडेसलीगा चालू आहे. तेथे एका संघात पाच नेमबाज असतात, आणि पहिल्याची लढत पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी चाळीस गोळ्यांची जोड लागते. ज्याच्या जोड्या अधिक जिंकतील तो संघ विजयी. कोण मागे, कोण पुढे, हे प्रेक्षकाला क्षणोक्षणी कळते आणि एरवी शांतपणे चालणारा हा खेळ कुस्तीच्या फडासारखा रंगतो. अमेरिकेत विद्यापीठांच्या रायफल संघांत मुलगे आणि मुली एकाच संघातून खेळतात. तेथील मिनेसोटा राज्यात सुरू झालेल्या शालेय मातीच्या तबकड्यांच्या नेमबाजीत प्रत्येक शाळा आपापल्या केंद्रावर खेळून गुण कळविते, आणि हंगामाच्या शेवटी सारे एकत्र जमतात.

आपल्याकडे कसे जमेल?

या तिन्हींतून आपल्याला सोयीची घडी बसविता येईल. तिचा पाया दहा मीटरांची हवाई बंदूक आणि हवाई पिस्तूल हाच असावा. कारणे उघड आहेत. त्यासाठी मोकळे रान लागत नाही. शाळेचे पंधरा-सोळा मीटर लांबीचे सभागृह पुरते. लक्ष्यामागे छरे अडविणारी पोलादी पेटी, तिच्यामागे भक्कम भिंत, नेमबाजांच्या पुढून कोणालाही जाता येणार नाही अशी बंद वाट आणि पुरेसा उजेड, एवढी सिद्धता हवी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ठरावीक शक्तीच्या आतील ४.५ मिलिमीटरच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. ५० मीटरसाठी लागणाऱ्या पॉइंट टू-टूला तो लागतो. आंतरराष्ट्रीय दर्जाची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते हे खरे. परंतु साध्या माशीच्या देशी बंदुकीचा 'ओपन साइट' प्रकार आपल्याकडील शालेय व मावळंकर स्पर्धांत आहेच. साखळीची पहिली श्रेणी त्याच बंदुकीची ठेवावी. एका मंडळाला चार बंदुका आळीपाळीने वापरून वीस मुले सहज शिकविता येतील. येथे बंदूक मुलाच्या मालकीची नसून मंडळाच्या मालकीची असावी, हा मुद्दा कळीचा आहे.

संघ चौघांचा असावा, आणि त्यात किमान दोन मुली. महिन्यातून एकदा ठरलेल्या आठवड्यात प्रत्येकाने चाळीस छरे झाडावेत. लक्ष्यपत्रांवर अनुक्रमांक व शिक्का असावा, प्रतिस्पर्धी अथवा तिसऱ्या संस्थेचा शिक्षक साक्षीला असावा, आणि पत्रे त्याच दिवशी परीक्षकाकडे रवाना व्हावीत. आज त्यांची छायाचित्रे क्षणात पाठविता येतात, त्यामुळे निकालाला विलंब होण्याचे कारण नाही. जवळच्या आठ-दहा संस्थांचा एक गट, गटविजेत्यांचे विभागीय सामने, आणि वर्षअखेरीस खांद्याला खांदा लावून राष्ट्रीय अंतिम फेरी. प्रवास करावयाचा तो या शेवटच्या टप्प्यात. तोवर विद्यार्थ्याच्या खात्यावर आठ-दहा सामन्यांचा अनुभव जमा झालेला असेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखळीचा घटक राज्य नव्हे, तर संस्था असावी. अर्जुननगरचे महाविद्यालय, निपाणीचे महाविद्यालय, कागल, गडहिंग्लज, संकेश्वर, बेळगाव, खानापूर आणि चंदगड येथील शाळा एकाच गटात खेळू शकतील. त्यांतील काही मराठी माध्यमाच्या असतील, काही कन्नड, काही इंग्रजी. सीमेचा प्रश्न ज्या व्यासपीठांवर सुटावयाचा तेथे सुटो. तोवर दोन्हीकडच्या मुलांनी एका ओळीत उभे राहून नेम धरावयास कोणाची आडकाठी असू नये. राष्ट्रीय निवडीसाठी ज्याने त्याने आपल्या राज्य संघटनेतूनच जावे. साखळीने त्या व्यवस्थेशी स्पर्धा करावयाची नाही, तिला तयार नेमबाज पुरवावयाचे आहेत.

आपल्या भागाला या कामी काही अनुकूलताही आहेत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचे गाव. येथे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, एन.सी.सी.चे गट मुख्यालय आहे, दोन विद्यापीठांची मुख्यालये आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले, शस्त्राची शिस्त अंगी बाणलेले किती तरी गृहस्थ आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्याइतके विश्वासू केंद्रप्रमुख कोठे मिळावयाचे? केवळ त्यांना खेळाच्या नियमांचे प्रशिक्षण देण्याची सोय करावी लागेल, कारण सैनिकी नेमबाजी आणि क्रीडा नेमबाजी यांत फरक आहे.

पालकांच्या मनातील धास्ती

मुलाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, हाती बंदूक द्यावयाची या कल्पनेनेच पुष्कळ आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही धास्ती अनाठायी नाही, आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. हवाई बंदुकीचा छराही डोळा निकामी करू शकतो. म्हणूनच मंडळाचे पहिले महिने नेमाचे नसून शिस्तीचे असावेत. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच. नेम धरल्यावाचून बोट चापावर जावयाचे नाही. 'थांबा' ही आज्ञा होताच बंदूक रिकामी करून खाली ठेवावयाची. बंदूक भरलेली नाही हे दर्शविणारी दोरी नळीत घातलेली असावयाची. छरे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात स्वच्छ धुतल्याशिवाय खाण्याला स्पर्श नाही. बंदुका रात्री संस्थेच्या कुलूपबंद कपाटात राहावयाच्या, घरी नव्हेत. हे नियम जेथे पाळले जात नसतील तेथून पालकांनी आपले मूल निःसंकोच काढून घ्यावे.

आणि या शिस्तीतून मुलाला जे मिळते ते पदकापेक्षा मोलाचे आहे. दहा मीटर हवाई रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधावयाचा तर श्वास आवरावा लागतो, नाडीची धडधड ओळखावी लागते, आणि मागचा छरा वाईट गेला तरी त्याचे दुःख पुढच्या छऱ्यात मिसळू न देण्याची सवय करावी लागते. अंगापिंडाने किरकोळ असलेल्या, मैदानी खेळांत मागे पडणाऱ्या मुलांना येथे समान संधी आहे. मुली येथे मुलांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्यापुढे असतात.

राष्ट्रीय साखळी हे मोठे काम आहे. ते एका वर्षात होणारे नाही. परंतु त्याचा पहिला गट बांधण्यासाठी दिल्लीच्या आज्ञेची वाट पाहावयास नको. दोन शाळा आणि दोन महाविद्यालये, प्रत्येकी चार देशी बंदुका, एक निवृत्त सुभेदार आणि एक उत्साही क्रीडाशिक्षक, एवढ्यावर टपालाचा पहिला सामना होऊ शकेल. आपल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी, माजी विद्यार्थी मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या जूनमध्ये शाळा उघडताना या सूचनेचा विचार करावा. देणगीदारांनी या वर्षी वर्गखोलीच्या भिंतीवर आपल्या नावाची पाटी लावण्याऐवजी एका शाळेला चार बंदुका आणि छरे अडविणाऱ्या चार पेट्या द्याव्यात. कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा पॅरिसपर्यंत गेला. खानापूरच्या किंवा निपाणीच्या एखाद्या मुलीला निदान आपल्या शाळेच्या सभागृहात तरी लक्ष्यासमोर उभे राहता यावे, एवढी सोय करणे आपल्या हाती आहे.