गाडी घरी, सायकल विष्णुपुरी!

पहिला पगार हातात पडला, की आपल्याकडे सर्वांत आधी सुट्टी मिळते ती सायकलला. तीच सायकल छंद म्हणून परत आणायची असेल, तर नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचा रस्ता एकदम परफेक्ट आहे!

कैची मारत शिकलेली सायकल, तासावर भाड्याने आणलेली सायकल, ट्यूशनला दामटलेली सायकल... प्रत्येकाच्या आठवणीत एक तरी असतेच. पण नोकरी लागली की दारात बाइक येते आणि सायकल जिन्याखाली जाते. त्यानंतर कुणी सायकलवर दिसलाच, तर प्रश्न ठरलेला, 'काय रे, गाडी बिघडली का?' सायकल म्हणजे गाडी न परवडणाऱ्याचं वाहन, हे समीकरण डोक्यात फिट्ट बसलंय. छंदाची सुरुवात ते मोडण्यापासून होते.

जाऊन-येऊन वीस किलोमीटर

गोदावरीचा पूल ओलांडायचा, लातूर फाटा मागे टाकायचा आणि लातूर रोड धरायचा. आठ-दहा किलोमीटरवर विष्णुपुरी. १९८१ साली सुरू झालेलं एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेज आणि १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथलंच. नांदेडला पाणी पुरवणारा शंकरसागर जलाशय आणि त्याच्या काठावरचं काळेश्वराचं मंदिर, हा आपला यू-टर्न. बाइकवर हे अंतर कधी संपतं ते कळतही नाही. सायकलवर मात्र चढ-उतार मांड्यांना कळतात आणि पाण्याचा गारवा आधी अंगाला लागतो.

हिशेबही सोपा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. ताशी सोळा किलोमीटरच्या वेगाने एक फेरी सव्वा तासाची. दोन फेऱ्या मारल्या, की कोटा पूर्ण!

'वेळ कुणाला आहे, बॉस?'

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ पेशाने डॉक्टर. २०१५ मध्ये त्यांनी दोघांच्या टीमने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एवढं नको असेल, तर 'बीआरएम' राइड्स आहेत. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोहोचलात की झालं.

निघण्याआधी...

* लातूर रोड हा राष्ट्रीय महामार्ग. ट्रक-ट्रॅव्हल्सची वर्दळ असते, म्हणून डावी कड सोडू नका. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा मस्ट!
* पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, इतकी सीट वर घ्या. गुडघेदुखी टळते.
* हवा आणि ब्रेक आदल्या रात्रीच तपासा.
* एप्रिल-मेमध्ये उजाडताच निघा, ऊन तापायच्या आत घरी. पाण्याची बाटली सोबत हवीच.
* सुरुवातीला दोघं-तिघं मिळून जा. परतल्यावर सुशीला आणि चहा!

गिअरची महागडी सायकल लगेच घ्यायची गरज नाही. जिन्याखालची बाहेर काढा, चेनला तेल द्या. आणि वाटेत कुणी 'गाडी बिघडली का?' विचारलंच, तर हसून सांगा, 'गाडी मस्त आहे, म्हणूनच घरी ठेवलीय!'