ई-मेल दुसऱ्याचा, पोलिस तुमच्या दारात! वाय-फाय सेटिंगमधल्या शब्दांचा अर्थ काय?

घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत रात्री मोबाइलचं वाय-फाय उघडा. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची दहा-बारा नावं सहज दिसतील. या नावाला एसएसआयडी म्हणतात. शेजारी कुलपाचं चिन्ह नसेल, तर ते नेटवर्क खुलं आहे. कुणीही यावं, वापरावं.

‘वापरलं कुणी तर बिघडलं काय?’ असं वाटत असेल तर २००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. माग काढत एटीएस पोहोचली नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकी नागरिकाच्या फ्लॅटवर. मेल त्याच्या खुल्या वाय-फायवरून गेला होता. पाठवणारा मात्र भलताच होता. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क वापरलं गेलं. सप्टेंबरमध्ये, दिल्ली स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचं. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन खुली नेटवर्क शोधण्याची मोहीमच काढली.

मालकाच्याच दारात पोलिस का आले? कारण आयपी अ‍ॅड्रेस. घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपला राउटर वेगवेगळे ‘आतले’ पत्ते देतो, पण बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. फ्लॅट कितीही असोत, रस्त्यावरून दिसतं ते सोसायटीचं गेट, तसं. पोलिस इंटरनेट कंपनीला विचारतात, त्या वेळी हा पत्ता कुणाकडे होता? उत्तरात नाव येतं ते बिल भरणाऱ्याचं.

आता कुलपाकडे वळू. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’खाली डब्ल्यूईपी दिसलं तर ते लगेच बदला, ते तोडता येतं हे २००१मध्येच सिद्ध झालंय. डब्ल्यूपीए२ (२००४) चालेल, डब्ल्यूपीए३ (२०१८) असेल तर उत्तम. मात्र डब्ल्यूपीए२ला पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवला असेल, तर कुलूप नावापुरतंच. फोन नेटवर्कला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण पकडून घरी निवांत अंदाज लावत बसता येतं, आणि दहा आकडे संगणकापुढे फार टिकत नाहीत. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड बरा.

राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्ड वेगळा असतो. इंजिनीअरिंग करूनही माझ्या घरी तो तीन वर्षं ‘अ‍ॅडमिन’च होता! डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने जोडणी, वापरत नसाल तर बंद ठेवा. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. एसएसआयडी लपवून मात्र काही साधत नाही, साध्या अ‍ॅपलाही ते सापडतं.

पासवर्ड बदलल्यावर टीव्ही, सीसीटीव्ही, प्रिंटर सगळे तुटतात, नव्याने जोडावे लागतात. हे काम मालिकांच्या वेळेत काढू नका.