कण्यावाचून संसार

दापोलीस 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील, रत्नागिरीच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावयास येणारी मंडळी देवमाशाच्या अजस्र सांगाड्यापुढे थबकतात, रंगीत माशांवरून नजर फिरवतात आणि परतीच्या वाटेस लागतात. ज्यांच्यापाशी निवांत उभे राहावे, ते अपृष्ठवंशीय जीव त्यांच्या हिशेबी नसतातच, याची मला मनापासून हळहळ वाटते. प्राणिसृष्टीतील शेकडा 95 हून अधिक जाती कण्यावाचूनच संसार करतात, आणि कालवे, मुळे, कुर्ल्या, शेवंडी ही तर आपल्या स्वयंपाकघरातली नित्याची मंडळी!

समुद्रतारा वाळूवर निर्जीव नक्षीसारखा पडलेला दिसतो. परंतु तोच काचेवर चढलेला असेल, तर त्याचे तळपोट अवश्य निरखावे. प्रत्येक भुजेच्या मधोमध गेलेल्या खाचेतून असंख्य नाजूक नलिकापाद बाहेर डोकावतात; एक लांबतो, टेकतो, आखडतो, तोच शेजारचा उचलला जातो, आणि ही सारी हालचाल चालते ती अंगातल्या नळ्यांत खेळवलेल्या पाण्याच्या दाबावर. मेंदू म्हणावा असा अवयव त्याला नाही, तरी त्या पायांची गफलत होत नाही.

शेवंडीने सांगाडा अंगावर चढवला. पण कवच ताणत नाही, म्हणून वाढीसाठी ते वेळोवेळी समूळ टाकावे लागते, आणि टाकलेली कात मिशा-पायांसकट इतकी शाबूत असते की, पेटीत एक शेवंड मरून पडली आहे असेच पाहणाऱ्यास वाटावे. कालव आपला शिंपला कडेकडेने वाढवीत नेते. त्याला कात टाकण्याची यातायात नाही, मात्र खडकाला जन्माचे जखडून घेऊन, कल्ल्यांतून गाळलेल्या पाण्यातील सूक्ष्म अन्नावर त्याला गुजराण करावी लागते. शंखवासी खेकड्याचे पुढचे अंग चिलखती, मागचे मऊ. ते झाकण्यास तो मेलेल्या गोगलगाईचा शंख धरतो आणि, अंग वाढले की, नव्या शंखाचे तोंड नांग्यांनी चाचपून क्षणार्धात घर बदलतो.

कालवाच्याच मृदुकाय कुळातील माकुळाच्या काही जातींनी तर शिंपला पाठीच्या त्वचेखाली घेतला. किनाऱ्यावर वाहून येणारा आणि वैद्यांच्या संग्रही असणारा समुद्रफेन तो हाच. तो मोडून भिंगाखाली धरल्यास पातळ पापुद्र्यांचे मजल्यावर मजले दिसतात. त्या पोकळ्यांतील वायू आणि द्रव यांचे प्रमाण बदलूनच हा प्राणी पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो.