म्हैसूरची मल्लिगे आणि फुलांची पारख

तोडलेले फूल लगेच मरत नाही. झाडापासून वेगळे झाल्यावरही त्याचा श्वास चालू असतो. साठलेली साखर खर्च होते, पाकळ्यांतले पाणी उडते आणि ऊन वाढले की दोन्हींचा वेग वाढतो. दांडीच्या फुलाला फुलदाणीतून पाणी परत मिळते. सुट्या फुलाला ती सोय नाही. म्हणूनच गुलाब घेताना झालेली चूक घरी थोडीफार सावरता येते, मोगरा घेताना झालेली नाही.

म्हैसूरला फुलबागांचा शौक राजघराण्याने जोपासला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या बागा फुलवणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल पुढे म्हैसूर संस्थानच्या सेवेत आले. दसऱ्यात कुप्पण्णा पार्कात पुष्पप्रदर्शन भरते. मल्लिगे म्हणजे मोगरा. ‘म्हैसूर मल्लिगे’ला भौगोलिक मानांकन आहे, कन्नड कवी के. एस. नरसिंहस्वामींच्या १९४२च्या कवितासंग्रहाचे नावही तेच. इतिहास एवढा पुरे. खरी गंमत बाजारात आहे.

म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्यावरच्या देवराज मार्केटात फुलांच्या ओळीत झेंडू, शेवंती, गुलाबाचे ढीग असतात. मान मात्र मल्लिगेचा. माळ हातावर मोजून दिली जाते: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक ‘मोळ’, दोन्ही हात पसरले की एक ‘मारु’. मोजणाऱ्याचा हात आखूड की लांब, हे गिऱ्हाईक बरोबर हेरते.

मोगऱ्याची कळी पहाटे, पूर्ण भरलेली पण मिटलेली असताना तोडतात. त्याच संध्याकाळी ती उमलते आणि वास सोडते. सकाळीच उमललेला गजरा स्वस्त मिळाला तरी तो बहुधा आदल्या दिवसाचा असतो. हिरवट, बारीक कळी कोवळी. ती घरी नेऊनही उमलत नाही. हवी ती टपोरी, पांढरीशुभ्र, बोटाला टणक लागणारी कळी. पाकळीआधी देठाकडे पाहावे: तो हिरवा व ताठ असेल तर माल ताजा, तपकिरी पडला असेल तर शिळा. पाण्याच्या थेंबांवर भुलू नये. शिंपडलेल्या पाण्याने माळ टवटवीत दिसते आणि जडही होते. माळ हलकेच झटकावी. कळ्या गळल्या तर पुढच्या दुकानी जावे. थंडीत मोगरा कमी येतो आणि भाव चढतो. तेव्हा काकड्याच्या शुभ्र माळा पुढे होतात. दिसायला त्या देखण्या, पण वासाच्या नावाने शून्य. वासासाठी पैसे मोजायचे असतील तर आधी नाक लावावे.

ओवण्यातही फरक पडतो. ओलावलेल्या केळीच्या सोपटाचा दोरा देठाला काचत नाही. बारीक नायलॉन आवळला की देठ चिरतो. माळ केळीच्या पानात किंवा ओलसर सुती फडक्यात ठेवावी. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कळ्या स्वतःच्याच उष्णतेने शिजतात आणि काळवंडतात. फ्रीजमध्ये ठेवायची तर डब्यात, भाजीच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ पाकळ्या लिबलिबीत होतात. संध्याकाळच्या समारंभासाठी ती दुपारीच बाहेर काढावी, म्हणजे कळ्यांना उमलायला वेळ मिळतो.

मल्लिगेची जोडीदार अबोली. तिला वास नाही, पण ती वजनाला हलकी आणि टिकायला चिवट. दोन्ही एकत्र गुंफण्यातला शहाणपणा असा, की मोगरा मलूल झाला तरी माळेचा रंग राहतो.

दांडीच्या फुलांचे नियम थोडक्यात. निशिगंधाची खालची एकदोन फुले उमललेली, बाकी कळ्या भरलेल्या असाव्यात. गुलाबाची कळी बुडाशी हलके दाबून पाहावी. ती घट्ट लागली तर ताजी. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांत रंग दिसू लागलेला असावा. शेवंतीत पाने पाहावीत. फुलाआधी तीच पिवळी पडतात.

घरी आल्यावर दांडीचे टोक तिरपे छाटून लगेच पाण्यात ठेवावे, नाहीतर नळ्यांत हवा शिरते, पाणी वर चढत नाही आणि गुलाब मान टाकतो. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. ती कुजून जंतू वाढतात. पाण्यात चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस चालतो, पण पाणी रोज बदलले तरच. नाहीतर साखर जंतूंच्याच पथ्यावर पडते. जरबेराची दांडी लवकर कुजते, म्हणून तिला पाणी कमी. फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा पिकलेल्या केळ्याआंब्यांजवळ ठेवू नये. फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर सुकतात.