मीटर आधी जुळवा, मग विहिरीवर जा

गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी तपासायला आम्ही गटातल्या बाया हातातलं मीटर घेऊन जातो. पण निघण्याआधी ते जुळवून घेतो.

पहिलं, एकक. मीटर पीपीएमवर आहे की मायक्रोसीमेन्सवर, ते बघायचं. मायक्रोसीमेन्समध्ये 900 दाखवणारं पाणी पीपीएममध्ये साधारण 450 ते 630 भरतं. एकक चुकलं की बरी विहीर वाईट ठरते.

दुसरं, पीएच. मीटरचं टोक डिस्टिल्ड पाण्यानं धुवून आधी 7 च्या, मग 4 च्या द्रावणात बुडवायचं. आकडा थांबला की पक्का करायचा. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतायचं नाही.

विहिरीवर भांडं त्याच पाण्यानं तीनदा विसळायचं. जागा, वेळ, आकडा लगेच वहीत लिहायचा.

पिण्याच्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 हवा. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालतात.

पण आकडा चांगला आला म्हणजे पाणी निर्धोक झालं, असं नाही. जंतू, फ्लोराइड, नायट्रेट या मीटरला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यायचा, आणि जंतूंचा नमुना निर्जंतुक बाटलीतूनच.